गाभोळीतली दोन लाख आणि माळावरचं एक

मागच्या आखाडात रोहू आणला. तो आंध्रातून बर्फात आला होता की उजनीचा, हे मासेवाल्या मावशी सांगतील ते खरं. त्यांनी पोट फाडलं आणि विचारलं, "गाभोळी हाय बगा, टाकू का ठेवू?" ठेवा म्हटलं. आईला ती तव्यावर परतलेली आवडते.

घरी आल्यावर दहावीतल्या कन्येनं गाभोळी बघून विचारलं, "यात अंडी किती असतील?" तिला धड्यातलं लैंगिक-अलैंगिक पाठ करायचं होतं, त्यामुळे टाळाटाळीला निमित्त मिळालं. घरात केकसाठी घेतलेला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. एक ग्रॅम गाभोळी मोजून घेतली, काळ्या ताटलीत पाण्यात सोडली आणि सुईच्या टोकानं एकेक दाणा बाजूला सारायला लागलो. नऊशेच्या पुढे दोघांचेही डोळे पाणावले. हजार धरू म्हटलं. सगळी गाभोळी भरली दोनशे ग्रॅमच्या थोडी वर. म्हणजे दोन लाख अंडी, एका माशाच्या पोटात, एका हंगामाची.

"मग नदीत पाय ठेवायला जागा कशी उरते?" ती म्हणाली.

सगळा विषय या एका प्रश्नात आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

समजा, नदीत रोहूंची संख्या वर्षानुवर्षं साधारण तेवढीच राहते. मग एका मादीनं आयुष्यभरात घातलेल्या सगळ्या अंड्यांतून मोठी होऊन स्वतः प्रजनन करणारी पिल्लं सरासरी किती निघाली पाहिजेत? दोन. एक तिच्या जागी, एक नराच्या जागी. दोनाऐवजी तीन जगली तर प्रत्येक पिढी आधीच्या दीडपट होईल, आणि वीस पिढ्यांत संख्या तीन हजार पटींच्या वर जाईल. तसं होत नाही, म्हणजे बाकीची सगळी मरतात. काही अंडी फळतच नाहीत, काही किडे खातात, काही दुसरे मासे खातात, काही पाणी ओसरलं की डबक्यात सुकतात. रोहूची आई एकदा अंडी सोडून निघून गेली की मागे वळून बघत नाही.

आता सोलापुरातून बार्शी रस्त्याला लागा. वीसेक किलोमीटरवर नान्नज. 1979 मध्ये तिथं माळढोक या पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. माळढोकाची मादी उघड्या माळावर, घरटं म्हणावं असं काहीही न करता, साधारणपणे एकच अंडं घालते. जवळपास महिनाभर ती एकटीच उबवते, नराचा त्यात काडीचा हातभार नसतो. पिल्लू पुढे वर्षभर आईच्या मागे फिरतं. मादी स्वतः अंडं घालण्याजोगी व्हायलाच तीन-चार वर्षं जातात.

गंमत अशी की माळढोकाचं उत्तरही दोनच आहे. दरसाल एखादं अंडं, अशी दहा-बारा वर्षं, आणि त्यातून शेवटी दोन पक्षी उभे राहिले की गाडी चालू राहते. आयुष्यभरातल्या लाखो अंड्यांतून दोन किंवा दहा-बारांतून दोन. पोहोचायचं गाव एकच, वाटा निराळ्या. या वाटांच्या अभ्यासाला जीवशास्त्रात 'लाइफ हिस्ट्री स्ट्रॅटेजी' असं भारदस्त नाव आहे. मी त्याला आयुष्याचा जमाखर्च म्हणतो. धोरण म्हटलं की कुणीतरी बसून ठरवल्यासारखं वाटतं. इथं कुणी काही ठरवत नाही. ज्यांचा हिशेब जमला त्यांची पिल्लं उरली, एवढंच.

जमाखर्च म्हणायचं कारण साधं आहे. खाल्लेलं अन्न ही मिळकत, आणि ती मर्यादित. त्यातूनच स्वतःचं शरीर वाढवायचं, रोगाशी लढायचं, आणि पिल्लांवरही खर्चायचं. शंभर रुपयांत दहा मुलांना खाऊ घ्यायचा तर प्रत्येकाला दहाचाच येणार. अंडी जास्त तर प्रत्येक अंडं लहान, पिल्लं मोठी आणि तयार हवीत तर मोजकीच. आपल्या माळावरची टिटवी बघा. चारच अंडी, पण पक्ष्याच्या मानानं चांगली मोठी, म्हणून पिल्लू फुटलं की त्याच दिवशी पळायला लागतं. खिडकीतल्या पारव्याची दोन अंडी त्या मानानं लहान. पिल्लू आंधळं, उघडंबोडकं निघतं, आणि मग आईबाप दोघंही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं 'दूध' पाजून त्याला वाढवतात. टिटवीनं खर्च अंड्यात आधीच केला, पारवा नंतर हप्त्यानं फेडतो.

आता एक कोडं. 1954 साली लॅमाँट कोल या अमेरिकी शास्त्रज्ञानं ते मांडलं. मी ते ज्वारीवर उतरवून सांगतो, कारण ज्वारीसाठी नावाजलेल्या मंगळवेढ्याच्या जवळ राहून गव्हाचं उदाहरण द्यायला जीभ धजत नाही. (ज्वारी कापल्यावर बुडातून फुटवा येतो, हे मलाही ठाऊक आहे. हिशेबापुरता तो सोडून द्या.)

एक ज्वारी अशी, जी वर्षात 101 दाणे देऊन मरते. दुसरी काल्पनिक ज्वारी अशी, जी दरवर्षी 100 दाणे देते आणि कधीच मरत नाही. सगळे दाणे उगवले असं धरलं तर वर्षाच्या शेवटी पहिलीची किती झाडं? 101. दुसरीची? 100 नवी आणि स्वतः एक, म्हणजे 101. बरोबरी! अमरपणाची किंमत फक्त एक दाणा. मग बांधावरचा कडुनिंब इतकी वर्षं का तग धरून उभा आहे? एकेक दाणा वाढवून त्यानंही वर्षभरात का आटोपतं घेतलं नाही?

याचं नीट उत्तर 1973 मध्ये चार्नोव्ह आणि शाफर यांनी दिलं, आणि कोरडवाहू शेतकऱ्याला ते ऐकून हसू येईल. चूक 'सगळे दाणे उगवले' या शब्दांत होती. भोरड्या, मुंग्या, लांबलेला पाऊस यांतून शंभरात एकच दाणा झाड होतो असं धरा. आता पहिलीची झाडं उरली एक, फार तर एकाला चुटपुटतं जास्त. दुसरीचं एक नवं आणि एक जुनं, म्हणजे दोन. बरोबरी साधायला पहिलीला आता 101 नाही, 200 दाणे द्यावे लागतील. म्हणजे जिथं लेकरांचं जगणं अवघड आणि मोठ्यांचं सोपं, तिथं मोठ्यानं जीव राखून दरवर्षी थोडं थोडं खर्चावं. जिथं मोठ्याचाच पुढच्या वर्षीचा भरवसा नाही, तिथं आहे ते आत्ताच उधळून टाकावं.

माळढोकाची आजची दैनाही याच गणितातून कळते. एक अंडं घालायचा त्याचा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: मोठा झालेला पक्षी सहजासहजी मरत नाही. हजारो वर्षं ते खरं होतं. मग माळ नांगराखाली गेले, शिकार झाली, आणि आता विजेच्या तारा आल्या. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं, समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि तार दिसली तरी एवढं धूड ऐनवेळी वळवता येत नाही. रोहूच्या लाखभर अंड्यांची नासाडी झाली तर काही बिघडत नाही, ती हिशेबात धरलेलीच असते. माळढोकाच्या चार मोठ्या माद्या मेल्या तर पुढच्या कितीतरी वर्षांची जमा गेली. आज देशभरात दीडशेच्या आतच माळढोक उरलेत असं मानलं जातं, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला. नान्नजला एखादा दिसला तरी पेपरात फोटो येतो.

सगळं एकदाच उधळण्याचा नमुना बघायचा असेल तर घायपात बघा. रेल्वेच्या कडेला, शेताच्या कुंपणाला ती जाड काटेरी पातींची झुडपं असतात, पूर्वी त्यांचा वाख काढून दोर वळायचे. वर्षानुवर्षं घायपात नुसता पाती जाड करत बसतो. मग एके वर्षी मधून दांडा निघतो आणि बघता बघता दोन-तीन पुरुष उंच जातो. पातींत साठवलेलं सगळं त्या दांड्यात ओततो, फुलतो आणि मरतो. माझ्या आजोळच्या बांधावरचा असा एक दांडा आम्ही पोरं रोज शाळेतून येताना बघायचो. दांडा वर चढत गेला तशा खालच्या पाती पिवळ्या पडून लोळत गेल्या, जणू कुणी आतून उपसा लावलाय. फुलं झडल्यावर दांड्यालाच शेकडो इवली रोपं लटकली. ती खाली पडून रुजतात. बी नाही, थेट रोपंच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मरण्याएवढा खर्च का करावा? एक पटणारं कारण असं: बुटक्या दांड्याकडे परागकण नेणारं कुणी फिरकत नाही, उंच दांडा लांबून दिसतो. अर्धा खर्च केला तर अर्धं फळ मिळत नाही, त्याहून बरंच कमी मिळतं. लग्नाच्या मांडवासारखं आहे, अर्धा मांडव घालून भागत नाही. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलून मरते. बांबूची बेटं दशकांनी फुलतात. तिथं आणखी एक फायदा: सगळ्यांनी एकाच वर्षी बी पाडलं की उंदीर-पाखरं खाऊन खाऊन थकतात आणि तरी बी उरतं.

याच्या उलट टोकाला गाजरगवत. पाऊस पडल्यावर महिना-दीड महिन्यात फुलावर येतं, एका झाडाला हजारोंनी बी. खरा चिवटपणा वेगळाच आहे. सगळं बी पहिल्या पावसाला उगवत नाही, काही जमिनीत दडून राहतं. आपल्या जिल्ह्यात पावसाचा काय भरवसा! दुबार पेरणीसाठी कणगीत बी राखून ठेवणारा शेतकरी आणि हे मेलं गवत एकाच शाळेत शिकलेत.

1967 मध्ये मॅकआर्थर आणि विल्सन यांनी या दोन टोकांना 'आर' आणि 'के' अशी अक्षरं दिली. आर म्हणजे झटपट वाढा, भरपूर पिल्लं, लवकर मरा. के म्हणजे सावकाश, मोजकी, जपून. 1970 मध्ये पियान्का यांनी त्याचा सुटसुटीत तक्ता केला आणि तो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. पोरांना अजून तोच शिकवतात. पाठांतराला तक्ता बरा आहे, पण कडुनिंब त्यात कुठं बसवाल? जगतो के सारखा, निंबोळ्या पाडतो आर सारख्या. वड तर विचारूच नका. म्हणून अभ्यासक आता अक्षरं बाजूला ठेवून कोणत्या वयात मरण्याची शक्यता किती आणि कोणत्या वयात पिल्लं किती, असा वयवार हिशेब मांडतात.

तक्त्याची पार फजिती करते ती आपल्या उजनीतली चिलापी. चिलापी म्हणजे तिलापिया. तिची एक जात 1952 मध्ये भारतात आणली. ही अंडी घालते शेकड्यांत. रोहू-कटल्याच्या लाखांपुढे काहीच नाही. पण आई अंडी उचलून तोंडात ठेवते. पिल्लं फुटून पोहायला लागेपर्यंत ती जवळपास उपाशी राहते, आणि नंतरही धोका दिसला की पिल्लं परत आईच्या तोंडात शिरतात. दोन-तीन महिन्यांची झाली की लेक स्वतः अंडी घालते, आणि वर्षातून कितीतरी वेळा. म्हणजे लेकरं जपण्यात माळढोक आणि घाई करण्यात गाजरगवत. त्यात ती लवचीक: तळं गच्च भरलं, खायला कमी पडलं, तर वाढ सोडून देते आणि बोटभर असतानाच अंडी घालायला लागते.

रोहू-कटल्याचं उलटं. त्यांना पावसाळ्यात वाहतं, चढतं पाणी लागतं, साठलेल्या तळ्यात ते सहसा वीत नाहीत. हीरालाल चौधुरी यांनी 1957 मध्ये ओडिशात माशाच्याच मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून तळ्यात अंडी घालवून घेतली. तिथून मत्स्यबीज केंद्रं सुरू झाली. धरणाच्या साठलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत, म्हणून तिथं दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडावी लागतात. त्याआधीच्या अवस्थेला आपल्याकडे 'मत्स्यजिरे' म्हणतात, आणि बादलीत बघितलं तर खरंच पाण्यात जिरं टाकल्यासारखं दिसतं. जिऱ्यापासून बोटुकलीपर्यंत राखण केली की मरणाचा मोठा टप्पा टळतो. आईनं न केलेलं काम माणूस पगार घेऊन करतो, इतकंच.

आता पिल्लू जगात येतं कसं, ते. आपल्या पूर्वजांनी सजीवांची चार खाती पाडली होती: जारज म्हणजे वारेतून जन्मणारे, अंडज, स्वेदज म्हणजे घामातून होणारे, आणि उद्भिज्ज म्हणजे जमीन फोडून येणारे. कुठून निघतो यावरून वर्गवारी! कल्पना झकास, फक्त स्वेदज हे खातं पुढे बंद करावं लागलं. उवा घामातून होतात हे पोरींच्या केसांतून लिखा ओढणाऱ्या आज्यांना कसं पटलं असेल कोण जाणे.

अंडज आणि जारज यांच्यामधली भिंतही पक्की नाही. नाग अंडी घालतो, आणि मादी ती राखते. त्याच बांधावरची घोणस थेट पिल्लं देते, वीस-तीस किंवा त्याहूनही जास्त. तिच्या अंड्यांना टणक कवच नसतं. ती पोटातच वाढतात, आणि पातळ पडद्यातून पिल्लं बाहेर येतात, विषासकट. पोटात बाळगण्याचा फायदा म्हणजे आई उन्हा-सावलीत सरकून त्यांची ऊब सांभाळते. तोटा म्हणजे महिनोन् महिने ती जड आणि सुस्त असते, आणि ती मेली तर सगळा संसार एकदम बुडतो. थंड प्रदेशात पिल्लं देणारे साप जास्त, असं दिसतं. आपल्याकडे मे महिन्यात डांबर वितळतं, तेव्हा थंडीचं कारण इथं चालणार नाही. पण घोणसीच्या कुळात बहुतेक जण पिल्लंच देतात. काही रीती गरजेच्या असतात, काही घराण्याच्या.

आणि आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. घायपाताच्या दांड्यावरची रोपं बी न होता आलेली, म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. शेतकऱ्याला यात नवल नाही. ऊस आपण कधी बियांवर लावतो का? दोन डोळ्यांची टिपरी करून लावतो. तुऱ्यात बारीक बी असतं, पण ते नवं वाण काढणाऱ्या केंद्रांच्या कामाचं. त्यामुळे अकलूजपासून अक्कलकोटपर्यंत 86032 जातीचा जो ऊस उभा आहे तो खरं म्हणजे एकच झाड आहे, तुकडे करून पसरलेलं. आपलं भगवा डाळिंब तसंच, गुटी बांधून किंवा फाटा लावून वाढवलेलं. चव, रंग, दाणा सगळ्या बागेत सारखा, म्हणून बाजारात भाव.

पण सगळं सारखं असण्याचा धोकाही सारखाच. सोलापूरच्या साखर पेठेत प्रत्येक घराला एकाच किल्लीचं कुलूप लावलं, तर चोराला एक किल्ली सापडली की सगळी पेठ उघडी. डाळिंबावरच्या तेल्या रोगानं बागाच्या बागा गेल्या, त्याला पाऊस, दमट हवा, बागांची दाटी ही कारणं आहेतच. तरीही समोर एकाच घडणीची लाखो झाडं मिळणं ही जंतूची चैनच. नर-मादीच्या खटाटोपाचं मोठं कारण हेच मानतात: प्रत्येक पिढीत कुलपं बदलली जातात.

खटाटोप महागही आहे. त्या 'दोन' कडे परत या. दोनपैकी एक नर, आणि रोहू असो की माळढोक, नर अंडी घालत नाही. नराशिवाय भागवणाऱ्या मादीला फक्त एकच लेक जगवावी लागते. निम्म्यात काम. ज्वारीवरचा मावा हेच करतो. पानाखाली चिकटा सोडत बसलेल्या त्या थव्यात जवळजवळ सगळ्या माद्या असतात. त्या नराशिवाय जिवंत पिल्लं देतात आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढच्या पिढीची घडण आधीच सुरू झालेली असते. आजी, आई, नात एका अंगात. म्हणून सोमवारी तुरळक दिसलेला मावा पुढच्या सोमवारी पान झाकून टाकतो.

हे मी कन्येला सांगत होतो तेव्हा आई गॅलरीत तुळशीची कुंडी बदलत होती. "गांडूळ निघालं बघ," म्हणाली. गांडूळ नव्हतं. टाचणीच्या टोकाएवढे डोळे, काळपट चमकदार अंग, वीतभरही नाही, आणि मातीत परत घुसायची घाई. वाळा. बिनविषारी, मुंग्यांची अंडी खाऊन जगणारा साप. कुंड्यांच्या मातीतून हा जगभर पसरला, आणि तेवढ्यासाठी एकच पुरतो, कारण या जातीत नर नाहीतच. सगळ्या माद्या, अंडी न फळताच वाढतात.

"मग तो वाळा कसा? ती वाळा म्हणायला पाहिजे," कन्या म्हणाली. "आणि तो मावा पण!"

आईनं कुंडी तशीच ठेवली आणि गाभोळी परतायला आत गेली.